किडनी नांदते का?

"उठू नका म्हटलं ना! पडून राहा गुपचूप," एक हात कमरेवर ठेवून बाई कडाडल्या.

शाळेत अख्खा वर्ग गप्प करणारा आवाज तो. नवऱ्याने मुकाट्याने पुन्हा उशीवर डोकं टेकलं. आयुष्यभर अग्निशामक दलात काढलेला, पेटत्या घरांत बेधडक शिरणारा गडी. पण आज चेहरा पांढराफटक पडला होता. सिस्टरने त्याची नाडी पाहिली, घोटभर पाणी पाजलं.

डुकराची किडनी बसवून पंधरवडा झाला होता. माणसाच्या शरीराने गोंधळ घालू नये म्हणून त्या डुकराची काही जनुकं आधीच बदललेली होती. तरी शरीरच ते. परक्याला घरात पाहून कधी बिथरेल, सांगता येत नाही. सुरुवातीला सगळं झकास चाललं. मग परवा ताप चढला, लघवी कमी झाली आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. काल सुईने किडनीचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट घेऊन डॉक्टर येताहेत, असा मघाशी निरोप आला आणि नवऱ्याचं अवसानच गळालं.

"शरीराने नाकारली असेल तर?" त्याने विचारलं.

"तर पुन्हा डायलिसिस. इतकी वर्षं केलंच की."

"मला नाही जमायचं आता ते."

"जमेल. मी आहे ना?" बाईंनी त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. डायलिसिसच्या खोलीत दोघांनी किती दुपारी काढल्या होत्या! एक मशीनला जोडलेलं, दुसरं शेजारी स्टुलावर, आणि शब्दकोड्यावरून वाद चाललेला.

"चिखल दिसला की लोळावंसं वाटेल का, हे डॉक्टरांना विचारायचं राहिलंच," तो पुटपुटला.

"विनोद सुचतोय म्हणजे धुगधुगी आहे अजून," बाई हसल्या.

दार उघडलं. मास्कमुळे डॉक्टरीणबाईंचा चेहरा वाचता येईना. बाईंनी पलंगाची कड घट्ट धरली.

"नांदतेय!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किडनी मस्त नांदतेय. शरीराने नाकारल्याची खूण कुठेच नाही. ताप साध्या जंतुसंसर्गाचा होता, औषध लागू पडलंय. आणि आजचा लघवीचा आकडा तर काय, झकासच!"

लघवीचं कौतुक ऐकून कुणी इतकं सुखावलं नसेल. काचेपलीकडे उभी असलेली लेक चक्क नाचायला लागली. नवरा ताडकन उठून बसला आणि हमसून हमसून रडू लागला. बाईंनी त्याचं डोकं छातीशी धरलं. त्यांच्याही डोळ्यांना धार लागली होती, पण हसू काही आवरत नव्हतं.

सिस्टरने डोळे पुसले आणि नवऱ्याच्या खांद्यावर हलकेच थोपटलं.

"काका, चक्कर गेली असेल तर आता पलंगावरून उतरा. पेशंट मघापासून उभ्याच आहेत."