दोनदा दिवा

‘नाही’ एवढा एकच शब्द टीनानं लिहिला, आणि तो न पाठवताच ती जिना उतरून खाली आली. पप्पांना एकदा विचारावं, मग मेल पाठवावा. पुण्याच्या कंपनीनं सात वाजेपर्यंतची मुदत दिली होती.

भानगड तिच्या गेमची होती. ‘परतवाट’ हा गेम तिनं रिसोडच्या याच घरात, वरच्या खोलीत बसून एकटीनं केला होता. अंतराळात भरकटलेलं एक यान, ते चालवणारा एकच खेळाडू, आणि घराकडे यायची लांबलचक वाट. गेम चालला. चांगलाच चालला. मग खेळणाऱ्यांनी धोशा लावला : एकट्यानं किती भटकायचं, दोस्तांनाही आत येऊ द्या, मल्टिप्लेअर करा. कंपनी म्हणाली, करू या, सगळं आमच्याकडे लागलं. फक्त ते लांबवरचं बिनकामाचं यान काढून टाका. खरी माणसं आल्यावर त्याची गरजच काय?

बिनकामाचं! ते वाचून टीनाचं डोकंच फिरलं होतं.

ते यान म्हणजे मम्मी होती. मम्मी, म्हणजे पानाबाई, पक्क्या धर्माची बाई. सूर्य मावळल्यावर घरात कुणाला घास काय, पाण्याचा घोटही घेऊ देत नसे. पप्पांचं धान्याचं दुकान रस्त्याच्या पलीकडे, घराच्या अगदी समोर. गिऱ्हाइकांच्या गलक्यात हाक कुठली ऐकू जाणार? म्हणून दिवस कलला की ती ओसरीवरचा दिवा दोनदा लावायची. म्हणजे, ताट वाढलंय. पलीकडून दुकानातला दिवा दोनदा लागायचा. म्हणजे, आलो. घरात मोबाइल आले तरी दोघांचं हे काही सुटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मम्मी गेली. टीनानं मग गेममध्ये ते यान घातलं. आपण आपल्या यानाचा दिवा दोनदा लावला, की तेही लांबून दोनदा दिवा लावणार. बस्स, एवढंच त्याचं काम. पप्पांच्या हातात तिनं टॅब दिला, दिवा कुठला ते दाखवलं, आणि बाकी काही सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? ज्याचं त्याला कळतंच की. आणि पप्पांना कळलंच होतं. दुकान त्यांनी बंद केलं, पण टॅब सोडला नाही. दिवसाउजेडी जेवण उरकलं की रोज ओसरीवर बसून ते दोनदा दिवा लावत, आणि समोरून दिवा लागला की चेहरा कसा खुलून येई त्यांचा. जिन्यातून ते बघताना टीनाला रडू येई, आणि बरंही वाटे. पप्पांजवळ मम्मी आहे. मग ती निर्धास्त वर जाई. महिन्यातले पंधरा दिवस निर्धास्त पुण्याला जाई.

आणि ही कंपनी म्हणते, काढून टाका!

पप्पांचं, म्हणजे पूनमचंदांचं, जेवण झालं होतं. पाणी पिऊन त्यांनी तांब्या पालथा घातला आणि टॅब मांडीवर घेतला. टीनानं त्यांचं ताट उचललं.

“पप्पा, गेममधे आनखी लोकं घ्या म्हनून राह्यले कंपनीवाले. मंग ते दूरचं यान काढा लागन. मी नाही म्हनून टाकतो त्याइले.”

“नाहीच म्हन,” पूनमचंद म्हणाले. “कायले पायजेत लोकं? दोघं आहो ना आपन.”

“दोघं कोन?”

“कोन म्हंजे? तू आन मी.” ते हसले. “तुही मम्मी गेली तवा वाटलं, आता आपल्यासाठी दिवा कोन लावते! तू लावला. पुण्याले राह्यतं तवाबी एक दिवस चुकवत नाही. फोन राहून जाते तुहा, तं राहू दे. मी म्हनतो, पोरीले काम असन. दिवा तं लावून राह्यली ना.”

पुण्याला असताना आठ-आठ दिवस टीनाचा फोन होत नसे. ती बापाकडे बघत राहिली. इतक्या आनंदात तिनं त्यांना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. आता कोणत्या तोंडानं सांगायचं?

“हाव पप्पा,” ती कशीबशी म्हणाली. “मीच लावतो.”

“मले का मालूम नाही?” पूनमचंद खूश झाले. समोरच्या बंद दुकानाच्या शटरवर शेवटचं ऊन होतं. वेळ झालीच होती. बोलता बोलता त्यांच्या अंगठ्यानं सवयीनं दोनदा दिवा लावला.

लांबवरच्या त्या यानाचा दिवा दोनदा लागला.

पूनमचंदांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. टीनाच्या दोन्ही हातांत ताट होतं.

त्यांनी पुन्हा दोनदा दिवा लावला, या वेळी सावकाश, तिच्या हातांवरची नजर न हलवता. टॅबवर पुन्हा दोनदा उजेड झाला.

मग त्यांनी टॅब पालथा करून तांब्याशेजारी ठेवला.

“येऊ दे मंग लोकाइले,” ते म्हणाले. “तिथं तं कोनीच नाही.”