सैल गाठी

केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढाव्यात म्हणून काल आईला इंजेक्शन दिलं आणि आज दुपारपासून तिच्या नडग्या आणि कंबर ठणकू लागली. मी बीदरला डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “हाडांत नव्या पेशी तयार होतायत, म्हणून दुखतं. सांगितलेली गोळी द्या.” गोळी दिली. ती लागू पडेपर्यंत काय करावं, सुचेना. मग ट्रंकेतून तिचं जुनं लुगडं काढलं, दोन पट्ट्या फाडल्या आणि तिच्या पोटऱ्यांना हलक्या हातानं बांधल्या. लहानपणी माझे पाय असेच दुखायचे. संतपूरच्या शेतात दिवसभर तूर कापून आलेली आई झोपताना माझ्या पायांना अशाच पट्ट्या आवळून बांधायची आणि म्हणायची, “दुखायलंय म्हंजे वाढायलीस.” सकाळी पट्ट्या अंथरुणात सापडायच्या. मला वाटायचं, झोपेत पाय झाडल्यानं सुटल्या असतील. “आता तू वाढायलीस बघ,” मी म्हणाले. केस गेलेल्या डोक्यावरचा रुमाल सारखा करत ती हसली. “व्हय. पण मला झोप लागली की गाठी सोड. त्या पेशींस्नी वाढायला जागा नको का?” “असं काय नसतंय, आई.” “नसंल. पण तुझ्याबी गाठी तू झोपल्यावर मीच सोडत व्हते. उंची अडू न्हाई म्हणून.” तासाभरानं तिचा डोळा लागला. मी तिच्या गादीच्या पायथ्याशी गेले. घरात सगळ्यांत उंच मीच आहे. गाठी सोडायला मला फार खाली वाकावं लागलं.