सात नंबरचं मचाण

"चोरी आहे ही! सरळ चोरी!" मेरिट हॅडलीने शिकारीच्या परवान्यांची यादी गेलच्या टेबलावर आपटली.

गेल पेल्टिए गावच्या राखीव रानाचा कारभार बघायची. तिने यादी हाताने सरळ केली. "चिठ्ठ्या तुझ्यादेखत काढल्या. सात नंबरचं मचाण थेयरबाईंना लागलं. प्रतीक्षा यादीत तू पहिला."

"त्या बाईने मार्चच्या गावसभेत मला खाटीक म्हटलंय! ती हरणांची शिकार करणार?"

"परीक्षा दिलीय त्यांनी. वीस पावलांवरून ताटाएवढ्या वर्तुळात पाच बाण. पाचही लागले."

विनिफ्रेड थेयरनी शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं होतं, मेरिटलासुद्धा. या वयात उन्हाळाभर गोठ्यात गवताच्या भाऱ्यांवर बाण मारून त्यांनी खांदा सुजवून घेतला, तो कशासाठी हे गावाला कळत होतं. मचाणावर आपण बसलो की दुसरा बसत नाही. सात नंबर त्यांच्याच परसामागे होतं. तिथल्या हरणांच्या कळपातली एक मादी त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेली. दोन वर्षांपूर्वी तिची आई गाडीखाली गेली, हिचा डावा कान कुत्र्याने फाडला. नाव जिंजर.

"नियम वाच," गेल म्हणाली. "नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी दुपारी बारापर्यंत एक मादी मारून नोंदवली नाही, तर परवाना पुढच्याला. नोंदवली, तर डिसेंबरअखेर हंगाम संपेपर्यंत मचाण त्यांचंच."

मेरिटने टोपी उचलली. "मग डिसेंबर माझाच."

ऑक्टोबरभर तो कामावर जाताना रानाच्या तोंडाशी गाडी थांबवायचा. बाई धनुष्य, थर्मास आणि विणकामाची पिशवी घेऊन उतरून येत.

"काय बाई, आज काय मारलंत?"

"अर्धा मफलर."

नोव्हेंबरात त्याची थट्टा आटली. "माझ्या पोरीला दोनदा गोचिडीचा ताप आलाय. अकराव्या वर्षी गुडघे धरून जिना उतरते ती. हरणं वाढली की गोचिड्या वाढतात, आणि तुम्ही इथे विणत बसा!"

"पोरीचं वाईट वाटतं मला. तुझं नाही." बाईंचा आवाज चिरका झाला. "गेल्या वर्षी तुझा बाण पोटात घेऊन एक हरीण माझ्या अंगणात चार तास तडफडत होतं. कुठे होतास तू?"

"माग सापडला नाही."

"शोधलास?"

मेरिटच्या मानेच्या शिरा फुगल्या. "शनिवारनंतर मी वर बसणार. मग वाचवा किती वाचवायची ती!"

"तेरा."

तो मोठ्याने हसला. "कळपात चौदा आहेत, बाई! आणि आम्हाला बेरजा चुकल्या म्हणून उभं करायचात."

बाईंनी धनुष्य खांद्याला अडकवलं आणि त्या घराकडे चालू लागल्या. रागावल्या, असं मेरिटला वाटलं.

शनिवारी पावणेबाराला तो अग्निशमन केंद्राच्या मागे हजर होता. शिकारीची नोंद तिथेच व्हायची. त्याचं धनुष्य गाडीत तयार होतं. गेल पेन घेऊन वजनकाट्याशी बसली होती.

बारा वाजायला सात मिनिटं असताना बाईंची जुनी स्टेशन वॅगन आत आली.

"परवाना परत करायला स्वतः आल्या," मेरिट म्हणाला. "शिस्त आहे हो."

बाई उतरल्या. विणकामाची पिशवी नव्हती. कोटाची बाही कोपरापर्यंत ओली होती.

"गेल, सात नंबर. एक मादी. लिही."

गेलने त्यांच्याकडे पाहिलं, मग वहीकडे. "बाण किती अंतरावरून?"

"सहा पावलं."

"सहा!" मेरिट ओरडला. "रस्त्यावरचं मेलेलं उचलून आणलं असेल, गेल! सहा पावलांवर रानातलं कुठलं जनावर उभं राहतं?"

बाईंनी वॅगनचं मागचं दार उघडलं आणि हरणीच्या डोक्यावरचा अर्धवट विणलेला मफलर बाजूला केला.

डावा कान फाटलेला होता.