मासळीचा काउंटर

इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावातल्या जुन्या सुपरमार्केटात ग्लेनिस सव्वीस वर्षं मासळीच्या काउंटरवर होती. समोर स्वस्त किराणा दुकान उघडलं आणि गिऱ्हाईक तिकडे पळालं, तेव्हा मॅनेजर क्रेगनं तिलाच तिकडे पाठवलं. "लोक तिथे का जातात, ते खरंखरं लिहून आणा."

तिथे तिच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी मिसेस हॅडफील्ड भेटली. "इथं मासे पाकिटात मिळतात गं. तुझी बडबड ऐकत उभं राहावं लागत नाही."

ग्लेनिसच्या जिव्हारी लागलं. तरी तिनं तेही जसंच्या तसं लिहिलं.

आठवड्यानं क्रेगनं बोलावलं. "हेड ऑफिसला तुमचा अहवाल फार आवडला, ग्लेनिस. सोमवारपासून आपल्याकडेही मासे पाकिटातच."

"मग मी काय करायचं?"



"त्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही."