हुबेहूब

मुख्याध्यापक एका विद्यार्थ्याला बेदम मारताहेत, असा व्हिडिओ घरोघरच्या फोनवर फिरला आणि सरांची नोकरी गेली, वर खटलाही उभा राहिला. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञ बाईंनी तो व्हिडिओ कितीतरी दिवस उलटापालटा करून तपासला आणि कोर्टात दुधाचं दूध, पाण्याचं पाणी केलं. "अंग दुसऱ्याच माणसाचं आहे. सरांचा चेहरा तेवढा त्यावर चिकटवलाय."

सर निर्दोष सुटले. बाहेर लोकांनी त्यांना खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. बाईंना भरून आलं.

सरांची बायको मात्र व्हरांड्यातल्या बाकावर एकटीच बसली होती. बाई तिच्या शेजारी टेकल्या.

"ताई, आता तरी हसा."

"हो," ती म्हणाली, पण हसली नाही.

बाईंना राहवलं नाही. "एक विचारू? परक्यांचं सोडा, पण 'हे माझेच यजमान' असं पोलिसांना तुम्हीही सांगितलंत. तुम्ही कशा फसलात?"

तिने गर्दीतल्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"चेहऱ्यापर्यंत मी पोचलेच नाही, बाई. तो उगारलेला हात दिसला आणि मी फोनसमोर बसल्या जागी डोकं झाकून घेतलं."