हुल्ड्राची पाठ

मेल गेला आणि पुढच्याच सेकंदाला त्याने डोकं धरलं.

‘मोहीम छापून आली! पहिली प्रत तुमच्या गटाची. आणून द्यायला येतो.’ आनंदाच्या भरात लिहून बसला होता पठ्ठ्या. आता काय, गेलेला मेल थोडाच परत येतोय! त्याने बहिणीला फोन लावला.

“मग जा की!” बहीण म्हणाली. “दोन वर्षांनी माणसांत जातोयस.”

“अगं, पण ते आम्हा सगळ्यांना बोलावतील.”

“आम्हा म्हणजे कुणाला?”

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“दादा! ती थाप अजून चालूच आहे?”

थाप अशी होती. तो खेळ रचायचा. टेबलाभोवती बसून खेळायचे गोष्टीचे खेळ. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात, कुठे अडलं की फासे टाकतात. अशी एक गोष्ट म्हणजे एक मोहीम. गोष्टी सगळ्या स्कँडिनेव्हियातल्या लोककथांमधून घेतलेल्या. डोंगरातले राक्षस, म्हणजे ट्रोल, धबधब्याखाली व्हायोलिन वाजवणारं भूत, पेजेवर लोणी नसलं की रुसून बसणारा गोठ्यातला बुटका. नुसतं वेड होतं त्याला! पण असा खेळ छापण्याआधी कुणाकडून तरी खेळून घ्यावा लागतो, आणि याला मित्र एक नाही. म्हणून खेळांच्या दुकानात त्याने चिठ्ठी लावली. ‘आम्ही चौघं खेळ रचतो. खेळून बघणारे हवेत.’ चौघं म्हणजे नकाशेवाली, चित्रकार, नियमवाला आणि तो. चारही तोच. घड्याळवाल्याच्या दुकानावरच्या एका खोलीत.

चिठ्ठीला उत्तर एकच आलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या पाच जणांच्या गटाचं. लिहायची ती ताई. बाकीचे बडबड्या, घाबरट, वकील आणि झोपाळू. खरी नावं त्याने विचारली नाहीत. विचारली असती तर आपली पण सांगावी लागली असती ना!

दर रविवारी संध्याकाळी ताईचा अहवाल यायचा. ‘वकील म्हणतात, पान नऊवरच्या नियमात भोक आहे. त्यातून ट्रोल निसटला. बडबड्याने त्याला कोडं घातलं आणि उत्तर स्वतःच विसरला. घाबरट टेबलाखाली.’

तो एकटाच खो खो हसायचा. खालून घड्याळवाला ओरडायचा, “काय मास्तर, कंपनीत आज काय विनोद झाला?”

“झोपाळू जिंकला!”

“वा! झोपेतच?”

आठवड्याभरात त्याच्याशी कुणी एवढंच बोलायचं. म्हणून तो पुढचं प्रत्येक पान त्या पाच जणांसाठीच लिहायचा. इथे बडबड्या काय म्हणेल, तिथे वकील कुठे अडवतील. आणि काय गुणी मंडळी! दोन वर्षांत एक रविवार चुकला नाही. कुणाची दांडी नाही. खेळातल्या लुटीच्या वाटणीवरून भांडण नाही. त्याला वाटायचं, असे लोक नशिबानेच मिळतात.

गडबड झाली ती एकदाच. हुल्ड्राच्या मोहिमेत. हुल्ड्रा म्हणजे रानातली बाई. पुढून देखणी, मागून पोकळ, सडलेल्या बुंध्यासारखी. तिला पाठ वळवायला लावली की मोहीम जिंकली, इतकं सोपं. आणि हे पाच जण हरले!

‘तिला वळायला सांगितलंच नाही,’ ताईने लिहिलं होतं. ‘ती पाठ लपवते, म्हणजे काहीतरी कारण असेल. लपवू दे, असं सगळ्यांचं मत पडलं.’

सगळ्यांचं! वकिलांचंसुद्धा! त्याने ते पान छापून भिंतीला लावलं होतं.

आता या मेलचं उत्तर मात्र येईना. एरवी ताई तासाभरात लिहायची. चौथ्या दिवशी एक ओळ आली. ‘या रविवारी दुपारी. तुम्ही चौघंही या.’

“खरं सांगून टाक,” बहीण म्हणाली.

“आणि मग? दोन वर्षं खोटं बोलणाऱ्याबरोबर कोण खेळेल? सुटतील ते माझ्या हातून. मग मी लिहू कुणासाठी?”

“मग काय सांगणारेस?”

“नकाशेवालीचा पाय मुरगळला. नियमवाल्याला ताप. आणि चित्रकाराच्या बहिणीचं लग्न निघालं.”

“ऐनवेळी? तिघांनाही? अरे, शाळेला दांडी मारायची कारणं आहेत ही!”

रविवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. घड्याळवाल्याने खालून शिट्टी मारली. बसमध्ये सगळा वेळ तो ओठातल्या ओठात म्हणत होता, पाय, ताप, लग्न. पाय, ताप, लग्न. पिशवीत मोहिमेची प्रत आणि लाकडाचे पाच फासे. प्रत्येकावर एकेकाचं टोपणनाव त्याने स्वतः कोरलं होतं.

तिसरा मजला. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. चाळिशीची एक बाई. इस्त्रीची साडी, केस नीट बसवलेले. तिने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागे जिन्याकडे.

“ताई?”

“हो. या ना.” पण ती दारातून हलेना. पाठ आतल्या खोलीकडे, एक हात चौकटीवर.

याने तोंड उघडलं. पाय, ताप, लग्न. पण तीच आधी बोलली, भरभर, पाठ केल्यासारखं.

“अहो, काय सांगू, आमच्यातलं कुणीच येऊ शकलं नाही. अगदी ऐनवेळी. वकिलांना ताप. घाबरटचा पाय मुरगळला. झोपाळू गावाला. आणि बडबड्याच्या… बडबड्याच्या बहिणीचं लग्न निघालं.”

तिच्या खांद्यावरून त्याला टेबल दिसलं. त्यावर पाच सोंगट्या, पाच वह्या. खुर्ची एकच.

त्याने नजर तिच्या चेहऱ्यावर आणली आणि तिथेच ठेवली.

“आमच्या चित्रकाराच्याही बहिणीचं,” तो म्हणाला. “एकाच लग्नाला गेलेत वाटतं दोघं.”