बोटाची नोंद

"दोनदा हो म्हणते ती," बाबा म्हणाले. "एकदा विचारलं की दोनदा. माझी काही तक्रार नाही, पण तू बघ जरा."

मुलीने लॅपटॉप आईच्या पलंगाच्या कडेवर टेकवला आणि टॅबलेटला वायर जोडली. पक्षाघाताने आईची वाचा गेली होती, अंगही गेलं होतं. उजव्या हाताच्या एका बोटात काय ती थोडी धुगधुगी असेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या बोटासाठी मुलीने ऑफिसचं काम बाजूला सारून टॅबलेटवर दोन बटणं तयार केली, 'हो' आणि 'नाही'. एरवीच्या बटणांवर बोट ठेवून उचलावं लागतं. आईला उचलणं कुठलं जमायला! म्हणून मुलीने नियमच सैल केला. बटणावर नुसतं येऊन थांबलं, तरी ते दाबलं असं धरायचं. आपल्या या हुशारीवर ती तेव्हा खूशही झाली होती.

"चाळीस वर्षांत एवढ्या वेळा हो म्हणाली नव्हती," बाबा हसले. "मी पूर्व म्हटलं की हिचं पश्चिम ठरलेलं. परवा विचारलं, राग गेला ना माझ्यावरचा? तर हो." त्यांनी आईची चादर नीट केली. "समजतंय गं तिला सगळं."

"आता विचारा बरं काहीतरी."

"ऐकतेस ना गं?"

"हो. हो," टॅबलेट बोलला.

लॅपटॉपवर दोन ओळी उमटल्या. बटण कुणी दाबलं, याची नोंद प्रत्येक ओळीपुढे होत असे. दोन्हींपुढे 'स्क्रीन' होतं. 'बोट' एकाहीपुढे नव्हतं.

कारण सापडायला तिला वेळ लागला नाही. आवाज झाला की झोपलेली स्क्रीन जागी होई, आणि जागी होताना कुठलं बटण निवडलंय ते दाखवणारी चौकट आपसूक दोनदा पहिल्या बटणावर येऊन थांबे. पहिलं बटण 'हो'. आणि बोट असो की चौकट, थांबलं म्हणजे दाबलं, हा नियम तिचाच. बाबांच्या आवाजाला त्यांच्याच लेकीची चूक उत्तर देत होती.

तिने टॅबलेट लावल्यापासूनच्या अकरा दिवसांच्या नोंदी मागे मागे जाऊन पाहिल्या. स्क्रीन, स्क्रीन, स्क्रीन. आई अजून आत कुठे आहे की नाही, हे सांगू शकणारं तेवढं एकच बोट उरलं होतं.

प्रोग्रॅममधली एक ओळ खोडली आणि दुरुस्ती झाली. तिने स्वतःचं बोट लावून पाहिलं, एकच 'हो' आला. ती नोंद तिने लगेच पुसून टाकली.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"बाबा, ते... आपोआप येत होतं."

"म्हणजे एक खरं आणि एक खोटं, असंच ना?"

तिने टॅबलेट आईच्या हाताजवळ सरकवला. "आता विचारून बघा," ती कशीबशी म्हणाली.

बाबा खुर्ची ओढून आईजवळ सरकले. "बरं वाटतंय का गं?"

टॅबलेट गप्प. आईचे डोळे छताकडे होते. बाबांनी तेच पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, मग अगदी कानाशी वाकून. मुलगी लॅपटॉपकडे बघत राहिली. तिथे नवं काही उमटलं नाही.

"दमलीय ती," बाबा म्हणाले.

त्यांनी आईचं बोट आपल्या चिमटीत धरलं, हळूच उचललं आणि बटणावर टेकवलं.

"हो."

मुलीने तोंडावर हात धरला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"ऊन येतंय का गं डोळ्यांवर? पडदा ओढू?" त्यांनी आईला विचारलं, आणि तिचं बोट पुन्हा उचललं.